मुलाच्या हाती मोबाइल देण्याआधी: ख्रिस्ती आईबापांसाठी काही पायऱ्या

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी मोबाइल मुलाच्या हाती येतो आणि नियम मागाहून येतात. तोवर मुलाला सवय लागलेली असते, त्यामुळे प्रत्येक नियम त्याला शिक्षेसारखा वाटतो. हा लेख या वाटेवर पहिल्यांदाच निघालेल्या आईबापांसाठी आहे. तुमचं मूल दोन वर्षांचं असेल किंवा बाराचं, तुम्ही रविवारी मिस्साला जात असाल किंवा उपासनेला, पायऱ्या त्याच आहेत.

जुन्या करारात ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे आईबापांना सांगतो की देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. ती कधी बोलायची हेही तो सांगतो: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या चार वेळा लक्षात ठेवा, कारण आपल्या घरांत नेमक्या याच चार वेळी मोबाइल हातात असतो. जेवणानंतर सोफ्यावर, रिक्षात आणि लोकलमध्ये, अंथरुणात, आणि सकाळी डोळे उघडल्या उघडल्या. मुलाने दिवसाला किती तास स्क्रीन पाहिली याची चिंता सगळे करतात आणि ती करायलाही हवी. पण ख्रिस्ती घराने सर्वांत आधी या चार वेळा मोकळ्या करून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. तेवढं साधलं की तासांचं गणित बरंच सोपं होतं.

पहिली पायरी: आधी मोठ्यांचे फोन

मुलाच्या फोनमध्ये एकही सेटिंग बदलण्याआधी आपल्या फोनमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा. आयफोन असेल तर ‘स्क्रीन टाइम’. दिवसातून किती वेळा आपण फोन उघडला आणि कोणत्या ॲपवर किती वेळ गेला, ते तिथे दिसतं. नवरा-बायकोने हे आकडे एकमेकांना दाखवावेत आणि मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्यालाही. मुलं आपलं बोलणं ऐकतात त्याहून जास्त आपल्या हातांकडे बघतात. बाप जेवताना व्हॉट्सॲप बघत असेल तर त्याने सांगितलेला कुठलाही नियम त्या घरात टिकणार नाही.

मग घरात फोन ठेवायची एक जागा ठरवा. स्वयंपाकघरातला कट्टा, टीव्हीशेजारचं टेबल, कुठेही चालेल, फक्त झोपायच्या खोलीत नको. रात्री सगळ्यांचे चार्जर तिथेच. “मग गजर कसा लावायचा?” हा प्रश्न हमखास येतो. गजराचं साधं घड्याळ आणा. फोन गजरासाठी उशाशी येतो आणि मग उशाशीच राहतो.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे ठरवणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक वर्षापर्यंत स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असेल तेवढा बरा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, शिफारसही याच वळणाची आहे: दोन वर्षांखाली काही नाही, दोन ते पाच वर्षांसाठी कमाल एक तास, पाच ते दहासाठी दोन तासांहून कमी.

एक अपवाद मनमोकळेपणाने करा. वसईत काय, गोव्यात काय, कित्येक घरांतला बाप आखातात असतो किंवा बोटीवर असतो. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं, आजी-आजोबांना कॉलवर पाहणं, हे कार्टून बघण्यासारखं नाही. समोरचं माणूस मुलाला ओळखतं, त्याच्या बोलण्याला उत्तर देतं. हा वेळ त्या तासात धरू नका.

सर्वांत चिवट सवय म्हणजे मोबाइल दाखवून भरवणं. मूल काय खातंय, पोट कधी भरलं, याकडे त्याचं लक्षच नसतं. ही सवय एकदम तोडावी लागते. पहिले काही दिवस रडारड होईल, मूल कमी खाईल, आणि घरातलं कोणीतरी म्हणेल, “दे गं एकदा, उपाशी राहील.” दिवसभर मुलाला आजी सांभाळत असेल तर तिला उपदेश करू नका. ती थकलेली असते आणि फोनमुळे तिला जरा उसंत मिळते. “आई, जेवताना तुम्ही तुमच्या लहानपणची गोष्ट सांगा, मोबाइल मी ऑफिसला घेऊन जाते” असं म्हणून खरोखरच घरातला जादा फोन उचलून न्या. आणि आजीला दुपारी तासभर आडवं होता येईल अशी काहीतरी सोय करा. तशी सोय नसेल तर तिच्याकडून नियमाची अपेक्षा धरणं योग्य नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांची वेगळीच अडचण आहे. गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. त्यासाठी मुलाला स्वतंत्र फोन लागत नाही. ग्रुप आईच्या किंवा बापाच्या फोनवर ठेवा, मुलाने गृहपाठ वहीत उतरवून घ्यावा आणि फोन परत द्यावा. उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. फोन हाती ठेवून अभ्यास केला तर त्याच अभ्यासाला दीड तास लागतो, हे ज्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल आहे त्यांना सांगायला नको.

खोटं जन्मसाल

ही वेगळी पायरी नाही, पण इथे थांबायलाच हवं.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या नियमांप्रमाणे खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण असावी लागतात. दहा वर्षांच्या मुलीला इन्स्टाग्राम हवं असतं. मग काय होतं? आई नाहीतर मोठा भाऊ जन्मसाल बदलून खातं उघडून देतो. तो दोन सेकंदांचा प्रकार असतो आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. पण मुलीच्या इंटरनेटवरच्या आयुष्याची सुरुवात आईने शिकवलेल्या खोटेपणाने झाली. शिवाय जन्मसाल बरंच मागे ढकललं तर ॲप तिला मोठी समजतं आणि १८ वर्षांखालच्यांसाठी असलेली बंधनं तिला लागूच होत नाहीत. इन्स्टाग्रामने २०२४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळी ‘टीन अकाउंट्स’ आणली आणि पुढच्या वर्षी ती भारतातही आली. अशी खाती आपोआप खासगी राहतात आणि कोण मेसेज पाठवू शकतो यावर मर्यादा असते. खोटं साल घातलेल्या मुलीला हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून नियम साधा ठेवा: या घरात जन्मतारीख खरीच लिहायची. तेरा पूर्ण झाली म्हणजे खातं उघडलंच पाहिजे असंही नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली आहे. घरात सोळाची मर्यादा ठेवली तर तुम्ही जगावेगळं काही करत नाही.

भेटवस्तूंचंही बोलून घ्या. प्रथम ख्रिस्तप्रसादाला किंवा दृढीकरणाला काका-मामा प्रेमाने टॅब घेऊन येतात आणि पाहुण्यांसमोर नाही म्हणता येत नाही. आमंत्रणाचा फोन करताना आधीच सांगा, “दादा, त्याला मोबाइल-टॅब नको हं, सायकल बघा किंवा गिटार बघा.” बहुतेकांना हे ऐकून बरंच वाटतं, कारण काय आणावं हा त्यांच्यापुढेही प्रश्नच असतो.

तिसरी पायरी: सेटिंग

हे एका संध्याकाळचं काम आहे. मुलाला शेजारी बसवून करा. चोरून लावलेली देखरेख उघडी पडते आणि मग विश्वास तुटतो.

अँड्रॉइड फोनसाठी गुगलचं ‘फॅमिली लिंक’ मोफत आहे. मुलाच्या नावाने, खऱ्या जन्मतारखेने गुगल खातं उघडा आणि ते आपल्या खात्याला जोडा. मग रोजची वेळमर्यादा ठरवता येते, रात्री ठरावीक वेळी फोन कुलूपबंद होतो, आणि कुठलंही नवं ॲप तुमच्या परवानगीशिवाय उतरत नाही. आयफोनवर हेच काम ‘स्क्रीन टाइम’ करतं. त्याचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर मूल तो आठवडाभरात काढतं.

लहान मुलांसाठी ‘यूट्यूब किड्स’ घ्या आणि त्यात पालकांनी मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसावेत असा पर्याय निवडा. तुम्ही निवडाल तेवढीच चॅनेलं दिसतील. मोठ्या यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा. एक व्हिडिओ संपला की थांबायची जागा मिळते, आणि मुलाला उठायला तेवढी फट पुरते.

घरात वायफाय असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएनएस’ (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सोय) या रकान्यात क्लाउडफ्लेअर कंपनीचा कुटुंबासाठीचा क्रमांक १.१.१.३ घाला. त्याने अश्लील आणि घातक संकेतस्थळं बरीचशी अडतात. हे घरच्या वायफायपुरतंच चालतं, मोबाइल डेटावर नाही. म्हणून मुलाच्या फोनमध्ये डेटा असलेलं सिम घालायची घाई करू नका.

पैशांचं थोडक्यात: प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा, मुलाच्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडू नका, आणि त्याला तुमचा पिन ठाऊक असेल तर आजच बदला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले, पण साध्या खेळांत हत्यारं आणि कपडे विकत घेणं चालूच आहे.

चौथी पायरी: त्या चार वेळा परत घेणं

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो. गावातली घरं टीव्ही आणि मोबाइल बंद करतात आणि दीड तास मुलं अभ्यासाला बसतात. गावाने मिळून ठरवलं, म्हणून ते जमलं. आपल्याकडे संध्याकाळची चर्चची घंटा जिथे अजून ऐकू येते, तिथे नवा भोंगा लागतच नाही. घंटा झाली की फोन ठरलेल्या जागी, मग रोझरी किंवा कौटुंबिक प्रार्थना, मग जेवण. शहरातल्या इमारतीत घंटा ऐकू येत नसेल तर घरातल्या सर्वांत लहान मुलाला घंटा वाजवायचं काम द्या. ते एकदाही विसरणार नाही आणि मोठ्यांनाही सोडणार नाही.

प्रार्थनेच्या वेळी छापील बायबल वापरा. मराठी बायबल मोबाइलवर मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रवासात, आजारपणात, मोठ्या अक्षरांसाठी त्याचा उपयोग होतो. पण वचन वाचता वाचता वरून मेसेज उतरतो आणि वाचणाऱ्याचा आवाज अडखळतो. मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. प्रार्थना लांबवूही नका. लहान मुलं असलेल्या घरात रोझरीचं एक दशक मनापासून म्हटलेलं चांगलं. पाचही दशकं पेंगत, कुरकुरत म्हटली तर मुलांना प्रार्थना आणि मोबाइल यांत भांडण दिसू लागतं, आणि त्या भांडणात मूल कोणाची बाजू घेईल ते उघड आहे.

वाटेची वेळ सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. गाडीत, रिक्षात, बसमध्ये मूल आपल्या शेजारी असतं, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि मनातलं बाहेर येतं. “आज वर्गात कोणाशी भांडण झालं?” असं विचारलं तर घरात उत्तर येणार नाही, वाटेत येईल. चर्चला जाता-येता तर फोन बाहेर काढूच नका, तुमचाही. फादरांच्या किंवा पाळकांच्या प्रवचनातलं काय कळलं, काय नाही कळलं, हे बोलायला परतीच्या वाटेसारखी दुसरी वेळ नाही.

निजताना: झोपण्याआधी तासभर स्क्रीन नको. दिवसभरात काय बरं झालं, कोणाला दुखावलं, हे अंथरुणात दोन मिनिटं बोलायचं आणि कपाळावर क्रूसाची खूण करायची. प्रार्थना करून आशीर्वाद द्यायचा असेल तर तसं. उठताना फक्त एवढंच की तोंड धुऊन न्याहारी होईपर्यंत फोन ठरलेल्या जागेवरून हलत नाही.

मोबाइलने काय करायचं हेही दाखवा

नुसतं ‘नको’ ऐकून मूल मोठं होत नाही. कार्लो अक्युटिस हा इटलीतला मुलगा १९९१ मध्ये जन्मला आणि २००६ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. संगणकात त्याला चांगली गती होती. त्याने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती गोळा करून संकेतस्थळ तयार केलं. व्हिडिओ गेम त्याला आवडायचे, पण आठवड्याला एक तास एवढीच मर्यादा त्याने स्वतःला घातली होती असं सांगतात. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. जीन्स आणि बूट घालणारा हा संत मुलांना जवळचा वाटतो. तुमच्या पंथात संतांना मानत नसले तरी एक मुलगा म्हणून त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

घरातल्या घरातही करण्यासारखं पुष्कळ आहे. आजीची वसईच्या कादोडी किंवा वाडवळी बोलीतली गाणी रेकॉर्ड करून त्यांचे शब्द टाइप करणं, लग्नाच्या जुन्या फोटोंतली माणसं ओळखून नावं लिहिणं, गायकवृंदाच्या सरावाची ध्वनिफीत बनवणं. हा वेळ दोन तासांच्या मर्यादेत धरावा का? मी धरणार नाही.

पुढे पाठवण्याबद्दलही या वयातच बोला. ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ असे प्रार्थनेचे मेसेज, खोटे चमत्कार, दुसऱ्या धर्माविषयी द्वेषाचे व्हिडिओ. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डच्या बटणालाही लागू होते, हे मुलांना सांगितलं की चटकन पटतं.

पाचवी पायरी: अवघड बोलणं

नऊ-दहा वर्षांच्या आत मुलाला सांगून ठेवा की इंटरनेटवर कधीतरी उघड्या शरीरांची चित्रं समोर येतील. सांगायचं साधं: “शरीर देवाने दिलंय, ते चांगलं आहे, खासगी आहे. तसं काही दिसलं तर फोन ठेव आणि मला येऊन सांग. मी रागावणार नाही.” आणि मग खरोखर रागावू नका. पहिल्यांदा सांगितल्यावर ओरडा मिळाला तर दुसऱ्यांदा मूल सांगत नाही. ते पाप, ते घाण, असं बोलून मुलाच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी किळस भरू नका. चूक चित्र बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची आहे.

अनोळखी माणूस खेळातल्या चॅटमधून मैत्री करतो, मग दुसऱ्या ॲपवर बोलावतो, मग फोटो मागतो. हा क्रम मुलांना पाठ असू द्या. एआय चॅटबॉटचंही तसंच. अभ्यासाचं विचारायला हरकत नाही, तेही सगळ्यांच्या खोलीत बसून. पण मनातलं दुःख सांगायला आई, बाबा, मावशी, धर्मशिक्षणाच्या ताई, फादर अशी खरी माणसं हवीत. त्या माणसांची नावं मुलाकडूनच कागदावर लिहून घ्या.

काही घडलंच तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. संकटातल्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३०. मुलाचे फोटो पसरवण्याची धमकी येत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेवर फोटो कोणालाही न पाठवता तो समाजमाध्यमांवरून काढवण्याची मागणी करता येते. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. चर्चमध्ये, नातेवाइकांत काय बोलतील या भीतीने गप्प बसू नका.

नियम मोडला तर

मोडणारच. फोन दुसऱ्या दिवशीपर्यंत आईकडे, एवढी शिक्षा पुरते. पाहुण्यांसमोर बोलणं, महिनाभर काढून घेणं, रागाच्या भरात फोन आपटणं यातून मूल फक्त लपवायला शिकतं. मुलांना चिडीस आणू नका, हे पौलाने इफिसकरांना लिहिताना बापांनाच बजावलं आहे.

आणि कृपा करून देवाला सीसीटीव्ही बनवू नका. “मी नसले तरी देव बघतोय हं!” ही धमकी लहानपणी चालते. पण बारा-तेराव्या वर्षी, जेव्हा मुलाला देवाची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा ते त्याच्यापासून तोंड लपवू लागतं. देव बघतो हे खरंच आहे, पण तो उधळ्या पुत्राच्या बापासारखा वाट बघतो, हे आधी सांगा.

उपवासकाळ हा नवी घडी बसवायला उत्तम. राखेच्या बुधवारी कुटुंबाने मिळून एकच गोष्ट निवडा, उदाहरणार्थ रील्स, आणि तिच्या जागी काय येणार तेही ठरवा: शुक्रवारी एकत्र क्रूसाची वाट, किंवा शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे जाणं. नुसतं सोडलं तर ईस्टरच्या सोमवारी दुपटीने परत येतं.

शेवटची पायरी घराबाहेरची आहे. “सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही” हे ऐकून आईबाप हरतात. म्हणून धर्मशिक्षणाच्या किंवा शब्बाथ शाळेच्या वर्गातल्या दोन-तीन कुटुंबांशी आधी बोला, मग फादरांना किंवा पाळकांना सांगून पालकांची एक सभा घ्या. विषय दोनच ठेवा: स्वतःचा फोन कोणत्या इयत्तेत द्यायचा आणि जन्मतारीख खरी लिहायची. पाच घरांनी जरी “दहावीच्या आधी नाही” असं ठरवलं, तरी त्या पाच घरांतल्या मुलांना एकमेकांची सोबत मिळते. सभेला आजी-आजोबांनाही बोलवा, कारण दुपारी घरात तेच असतात.